माध्यमाचा निर्णय : कर्व्यांचे विद्यापीठ, १९१६

महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी ‘नॅक’ला जो स्वयं-अध्ययन अहवाल पाठवावा लागे, त्याच्या शेवटच्या निकषात ‘संस्थेचे वेगळेपण’ असे एक कलम होते. आपल्या संस्थेने अग्रक्रमाची म्हणून कोणती एक गोष्ट निवडली आणि तिचे पुढे काय झाले, ते त्या कलमाखाली लिहायचे. हे कलम भरण्यासाठी बोलावलेल्या एका बैठकीला मी हजर होतो. तास-दीड तासात अकरा गोष्टी निघाल्या : संवादकौशल्य, पर्यावरण, नैतिक मूल्ये, उद्योजकता वगैरे. कोणालाच दुखवायचे नसल्यामुळे अकराही लिहिल्या गेल्या. एक निवडायची म्हणजे दहा सोडायच्या, आणि सोडण्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हा खरा प्रश्न होता. तो प्रश्न त्या बैठकीत उच्चारलाच गेला नाही.

घरी येताना मला कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची आठवण झाली. सर्व अभ्यासक्रमांना, सर्व वर्गांना, सर्व परीक्षांना लागू होईल असा एकच निर्णय एखाद्या विद्यापीठाने शिकणाऱ्याच्या सोयीसाठी आधी घ्यावा आणि मग त्या निर्णयाभोवती स्वतःला उभे करावे, असे आपल्याकडे क्वचित घडले आहे. ते १९१६ साली घडले. पण ‘स्त्रियांचे पहिले विद्यापीठ’ या बिरुदाखाली तो निर्णय इतका झाकला गेला आहे की, तो निर्णय होता हेच आपण विसरलो आहोत. विद्यापीठाच्या उद्देशांच्या यादीत पहिला उद्देश होता तो विद्यार्थिनींच्या मातृभाषेच्या माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचा. स्त्रियांच्या गरजांना अनुसरून अभ्यासक्रम आखण्याची बाब त्या यादीत नंतर येते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

या निर्णयाला पाऊणशे वर्षांची पूर्वपीठिका आहे. १८४०च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. विरुद्ध बाजूला कर्नल जॉर्ज जर्व्हिस, नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. म्हणजे बोर्डावरचे तिन्ही हिंदी सभासद देशी भाषांच्या पक्षात, आणि त्यांच्याबरोबर एक इंग्रज. हा जर्व्हिस कोणी भावनेच्या भरात बोलणारा गृहस्थ नव्हता. १८२३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या इंजिनिअर संस्थेत त्याने मराठी व गुजरातीतून शिकवले होते, आणि शास्त्रीमंडळींना हाताशी धरून गणिताची पुस्तके मराठीत उतरवून छापली होती. मराठीतून भूमिती शिकवता येईल की नाही, हा त्याच्यापुरता वादाचा विषयच नव्हता. त्याने ती शिकवलेली होती. १८४८च्या सुमारास सरकारने दोन्ही पक्षांना थोडेथोडे देणारा निकाल दिला : बहुजनांसाठी देशी भाषा, वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी. अशा निकालात ‘वरचे’ कशाला म्हणायचे हे पुढे नोकऱ्या ठरवतात आणि बाकीचे त्यांच्यामागे जाते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा परीक्षांत देशी भाषांना काही जागा होती. १८६०च्या दशकातच वरच्या परीक्षांतून ती काढून घेऊन अभिजात भाषांना देण्यात आली. मराठीतून शिकणे तर सोडाच, मराठी हा विषय शिकणेही पदवीच्या पातळीवर संपले. ते परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे सेनेटमध्ये खर्ची घातली. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. त्याच सुमारास एम. ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. एवढा मोठा माणूस, इतका दीर्घ प्रयत्न, आणि हाती आले ते शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर एका विषयाचे आसन. जुन्या विद्यापीठात आतून बदल करण्याचा वेग हा असा होता. कर्व्यांनी नवे विद्यापीठच काढले, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

विद्यापीठाची कल्पना त्यांना जपानवरून सुचली, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त जपानला जाऊन आले होते; त्यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांना पाठवली. कर्व्यांनी ती चाळून बाजूला ठेवली. पुढे १९१५च्या डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, भाषणासाठी विषय हवा होता, आणि ती पुस्तिका पुन्हा हाती लागली. तोवर ते सत्तावन्न वर्षांचे झाले होते. फर्ग्युसन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी संपवून त्यांना वर्ष उलटून गेले होते, हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यालय चालू होते, आणि सामान्य माणसाने आता थांबायला हरकत नव्हती.

या हकीकतीतली एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली काढलेल्या त्या जपानी संस्थेत ‘फक्त स्त्रियांसाठी’ ही बाब मुद्दाम निवडलेली होती. ‘स्वभाषेतून’ ही बाब तिथे निवडण्याचा प्रश्न उरला नव्हता. जपानलाही पूर्वी हा प्रश्न पडला होता. १८७७ साली टोकियो विद्यापीठ निघाले तेव्हा तिथे परदेशी अध्यापक परदेशी भाषांतून शिकवत असत. पण बाहेरून शिकून आलेले जपानी अध्यापक त्यांच्या जागी येत गेले आणि एका पिढीच्या आत शिकवण्याची भाषा जपानी झाली. नारुसेंच्या पुस्तिकेत ही गोष्ट इतकी गृहीत धरलेली असणार की वाचणाऱ्याने तिच्यावरून पुढे निघून जावे. कर्वे पुढे गेले नाहीत. त्यांना त्या पुस्तिकेत दोन गोष्टी दिसल्या आणि भाषेची गोष्ट त्यांनी उद्देशांत वर घातली.

याचे कारण त्यांच्या स्वतःच्या शिक्षणात असावे, असे मला वाटते. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेलेला आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून परीक्षेला न बसताच परत आलेला मुलगा तो हाच. इंग्रजीचे शिक्षण त्यांना उशिरा मिळाले. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. गणितासारख्या विषयातही, जिथे भाषेचा अडसर सर्वांत कमी असावा, आधी इंग्रजी आणि मग विषय अशी दुहेरी चढण चढावी लागते, हे विद्यार्थी म्हणून त्यांनी अनुभवले होते आणि शिक्षक म्हणून तेवीस वर्षे समोरच्या बाकांवर पाहिले होते. त्यांचा युक्तिवाद स्वभाषेच्या अभिमानाचा फारसा नव्हता. तो हिशोबी होता. विद्यार्थ्याची शक्ती मर्यादित आहे. तिचा मोठा वाटा परक्या भाषेशी झगडण्यात गेला तर विषयासाठी उरते किती? ज्या मुलींना उशिरा शाळेत यायला मिळते, मध्येच लग्न किंवा वैधव्य गाठते, शिक्षणाची वर्षे मोजकीच मिळतात, त्यांच्या बाबतीत तर हा हिशोब आणखी कडक होतो. भाषेचा निर्णय आणि स्त्रियांचा निर्णय हे दोन्ही इथे एकमेकांत गुंतलेले आहेत, हे मान्य करायला हवे.

विद्यापीठ निघाले १९१६ साली. पाच विद्यार्थिनींनिशी. कुलपती झाले रामकृष्णपंत भांडारकर, जे मुंबई विद्यापीठाच्या १८६२च्या पहिल्या चार बी. ए.पैकी एक आणि त्याच विद्यापीठाचे माजी कुलगुरू. कुलगुरू झाले रँग्लर परांजपे, कर्व्यांच्या नात्यातले आणि केंब्रिजचे सीनियर रँग्लर. इंग्रजी शिक्षणाने या देशात जे उत्तमोत्तम निर्माण केले त्याचे हे दोन नमुने देशी भाषांच्या विद्यापीठाच्या शिरोभागी बसले. याला ढोंग म्हणणारे तेव्हाही असतील. मला ते ढोंग वाटत नाही. ज्याने ती चढण स्वतः चढून पाहिली आहे, त्यालाच ती सर्वांनी चढण्याची गरज आहे का, हे विचारण्याचा अधिकार अधिक पोहोचतो.

पदवीचे नाव ठेवले ‘गृहीतागमा’, त्यावरची पदवी ‘प्रदेयागमा’. आणि लिहिताना-बोलताना त्यांचे झाले जी. ए. आणि पी. ए.! प्राकृत भाषेतून शिकवणाऱ्या विद्यापीठाने संस्कृत पदव्या द्याव्यात आणि त्यांची आद्याक्षरे रोमन लिपीतून घ्यावीत, यात त्या काळाचा सगळा गोंधळ आला. पण हा गोंधळ नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बी. ए. हे नाव वापरण्याचा अधिकार सरकारी सनद असलेल्या विद्यापीठांचा. ही सनद कर्व्यांकडे नव्हती आणि तिच्यासाठी ते थांबलेही नाहीत. सनदेसाठी थांबले असते तर अटी सरकारच्या आल्या असत्या आणि माध्यमाचा निर्णय पहिल्याच अटीत गेला असता. याची किंमत विद्यार्थिनींनी भरली. त्यांच्या पदवीला सरकारदरबारी मोल नव्हते.

आता या निर्णयातली कच्ची बाजू. मातृभाषा माध्यम झाली, पण इंग्रजी हा विषय सक्तीचा राहिला. गांधींना हीच गोष्ट खटकली. मातृभाषेतून शिक्षण त्यांना संपूर्ण मान्य होते, इंग्रजीची सक्ती मान्य नव्हती. ही हकीकत कर्व्यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात मोकळेपणाने दिली आहे. कर्वे आपल्या म्हणण्यावर टिकून राहिले. त्यांचे कारण व्यवहारी होते. मराठीत आणि गुजरातीत महाविद्यालयीन पुस्तके नव्हती. शिकवायचे मराठीतून, उत्तरे लिहायची मराठीतून, पण ग्रंथ वाचायचे ते इंग्रजीतच. म्हणजे इंग्रजी दारातून बाहेर गेली नाही. तिला माजघरातून उठवून ओसरीवर बसवले, इतकेच. गांधींच्या मताशी ज्यांची सहानुभूती आहे त्यांनीही विचारावे की पुस्तके नसताना दुसरे काय करता आले असते.

हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण त्याच वेळी दुसऱ्या एका ठिकाणी त्याचे उत्तर दिले जात होते. १९१७-१८ साली निजामाच्या फर्मानाने हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिथे माध्यम उर्दू. आणि विद्यापीठाचे वर्ग भरण्याच्या आधी भाषांतरखाते निघाले, मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली. परिभाषा घडवण्यासाठी मंडळे बसली, पगारी भाषांतरकार नेमले गेले, शेकडो पुस्तके उर्दूत आली. पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. संपूर्ण विद्यापीठासाठी एक निर्णय घ्यायचा तर त्याच्यामागे कोणती यंत्रणा उभी करावी लागते, याचा हा वस्तुपाठ होता. कर्व्यांजवळ राज्य नव्हते, खजिना नव्हता. वार्षिक वर्गणी देणारे सभासद होते आणि स्वतःची झोळी होती.

उस्मानियाच्या या यशाची दुसरी बाजू मराठी वाचकाला सांगायला नकोच. हैदराबाद संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. औरंगाबादच्या, परभणीच्या, नांदेडच्या मुलाला ‘देशी भाषेतून शिक्षण’ या नावाखाली जी भाषा मिळाली ती त्याच्या घरातली नव्हती. त्याच्यापुरती इंग्रजीची चढण जाऊन उर्दूची आली. तेव्हा ज्याच्याजवळ भाषांतरखाते होते त्याने शिकणाऱ्याची भाषा विचारली नाही, आणि ज्याने ती विचारली त्याच्याजवळ भाषांतरखाते नव्हते. या दोन विद्यापीठांच्या दरम्यान एकही माणूस इकडून तिकडे अनुभव घेऊन गेला असता तर, असे मनात येते. असो.

कर्व्यांचे पैशाचे दुर्भिक्ष १९२० साली एकदम संपल्यासारखे वाटले. सर विठ्ठलदास ठाकरसी जपानच्या प्रवासात टोकियोचे महिला विद्यापीठ पाहून आले होते. त्यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांच्या व्याजाने वर्षाला साडेबावन्न हजार रुपये. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले, आणि पुढेमागे ठाणे मुंबईला हलवायचे ठरले. माध्यमाच्या निर्णयाला या देणगीने धक्का लावला नाही. उलट गुजराती आणि मराठी अशा दोन भाषांत काम वाढले. परंतु देणगीदार १९२२ साली वारले, आणि तीसच्या दशकाच्या आरंभी विश्वस्तांशी मतभेद होऊन ते उत्पन्न थांबले. तडजोड व्हायला १९३५ साल उजाडले आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. मधल्या काळात, म्हणजे १९२९ ते १९३२, सत्तरी ओलांडलेले कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका फिरून विद्यापीठाची माहिती सांगत आणि वर्गणी गोळा करत होते. टोकियोची ती संस्था त्यांनी प्रत्यक्ष पाहिली ती याच प्रवासात.

आगरकरांच्या परंपरेतल्या वाचकाला इथे एक आक्षेप घ्यावासा वाटेल, आणि तो घ्यायलाच हवा. मुलामुलींना एकच शिक्षण एकत्र द्यावे, ही आगरकरांची भूमिका. कर्व्यांच्या विद्यापीठाने गृहशास्त्र, आरोग्य असे विषय पुढे आणले ते स्त्रीचे क्षेत्र वेगळे आहे या समजुतीवर. या समजुतीचे समर्थन आज मला करता येणार नाही, आणि ‘तो काळच तसा होता’ ही सबब पुरेशी नाही, कारण आगरकर त्याच्याही आधीचे. माझे म्हणणे इतकेच की या दोन निर्णयांना एकाच मापाने मोजू नये. विषयांची निवड स्त्रियांना मर्यादा घालणारी होती. माध्यमाची निवड तशी नव्हती. ती मुलांच्या महाविद्यालयांनाही तितकीच लागू पडली असती. पण ती ‘बायकांच्या विद्यापीठात’ झाल्यामुळे बाकीच्यांना तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे गेले. मुलींना काय, मराठीतून चालेल! खरी विद्या इंग्रजीतून, आणि ती मुलांसाठी, असा अर्थ त्यातून सहज निघाला. कर्व्यांच्या प्रयोगाला विरोधापेक्षा या सवलतीने जास्त मारले असावे, अशी माझी समजूत आहे.

मराठीतून शिकलेल्या पदवीधराचे ज्ञान उणे पडते का? याचे मोजमाप कोणी केले नाही. एक उदाहरण मात्र सर्वपरिचित आहे. न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे याच विद्यापीठाच्या जी. ए. त्या पुढे प्रागला गेल्या, तिथून पीएच. डी. मिळवून आल्या, आणि प्राचीन भारतातील बालकाविषयीचा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९३६ साली प्रसिद्ध झाला. एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही, आणि केळकरांच्या घरातली मुलगी ही काही सामान्य विद्यार्थिनी नव्हे. मराठी माध्यमाने त्यांच्यापुरते कोणतेही दार बंद केले नाही, इतके मात्र त्यावरून म्हणता येते.

दोन्ही प्रयोगांचा शेवट थोड्याच वर्षांच्या अंतराने झाला, आणि तोही स्वातंत्र्यानंतर. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. भाषांतरखात्याची ती पुस्तके कपाटात गेली. इकडे १९४९च्या कायद्याने नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाला अधिकृत मान्यता मिळाली आणि १९५१पासून ते इतर विद्यापीठांच्या पंक्तीला बसले. पस्तीस वर्षे ज्या मान्यतेची वाट पाहिली ती आल्यावर पहिल्यांदा गेली ती जी. ए. ही पदवी. बी. ए. आली. पदवी सर्वत्र चालू लागली, तशी तिच्यामागून इंग्रजी माध्यमाची मागणीही आली. कोणी ठराव करून मातृभाषा हद्दपार केली नाही. मराठी आणि गुजराती माध्यम राहिलेच. पण ते विद्यापीठाचा निर्णय म्हणून राहिले नाही, विद्यार्थिनीच्या पसंतीचा एक पर्याय म्हणून राहिले.

पर्याय आणि निर्णय यांतला हा फरक पुढे अनेकदा अनुभवाला आला. १९६८नंतर केंद्राने प्रत्येक राज्याला प्रादेशिक भाषांतल्या विद्यापीठीय ग्रंथांसाठी एक कोटी रुपये देण्याची योजना केली. त्यातून आपल्याकडे नागपूरला ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले आणि चांगली पुस्तके आलीही. कर्व्यांना ज्या पुस्तकांची उणीव जन्मभर भासली ती आली तेव्हा त्यांना वाचायला भाग पाडणारे विद्यापीठ उरले नव्हते. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. तीही परवानगीच. जर्व्हिसच्या वर्गाला तोवर दोनशे वर्षे होत आली होती.

सनद मिळाली तेव्हा कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते. आणखी अकरा वर्षे ते जगले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, शतकपूर्तीचे समारंभ झाले, आणि त्या समारंभांत त्यांचा गौरव झाला तो प्रामुख्याने विधवांचे कैवारी आणि स्त्रीशिक्षणाचे महर्षी म्हणून. टोकियोच्या त्या महिला विद्यापीठाला जपानच्या कायद्याने खऱ्या अर्थाने विद्यापीठाचा दर्जा दिला तो १९४८ साली, म्हणजे कर्व्यांच्या विद्यापीठाचा कायदा होण्याच्या अवघे एक वर्ष आधी. दर्जा वाढला म्हणून तिथे शिकवण्याची भाषा बदलावी लागली नाही.